नऊ ओळींचा फळा

चिमण राऊतांच्या अक्षराला गावात तोड नव्हती, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी कोणाला ठाऊक असेल तर ती स्वतः चिमण राऊतांना. डहाणूच्या पोस्टात तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, घरच्या चिकूच्या वाडीत लक्ष घालू लागले आणि उरलेला सगळा जीव त्यांनी वाचनालयासमोरच्या फळ्यात ओतला. वरोरच्या रस्त्याला लागूनच तो फळा. मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बाया, एसटीची वाट बघणारे, दूध घालून परतणारे, सगळे तिथे दोन मिनिटं थांबत. रोज सकाळी सात वाजता चिमणराव खडू घेऊन हजर. फळ्यावर ओळी नऊ, दहावी नाही. समोरच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना चष्म्यावाचून वाचता आलं पाहिजे म्हणून अक्षर टपोरं, आणि अक्षर टपोरं म्हणून ओळी नऊ. "जगात काय व्हायचं ते होऊ दे, माझ्याकडे जागा नऊ ओळींची," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

फळ्याचा दरारा मात्र खरा होता. एकदा समुद्र गावात शिरणार अशी आवई उठली. बायका पोरं काखेत मारून निघाल्या त्या आधी फळ्यापाशी आल्या. चिमणरावांनी त्या दिवशी एसटीचं नवं वेळापत्रक लिहिलं होतं. ते वाचून सगळ्या परत घरी गेल्या आणि भात शिजत घातला. खोटं लिहायचं नाही, ऐकीव लिहायचं नाही, हा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी बारा वर्षं पाळला. माणूस बारा वर्षं नेम पाळतो आणि मग एके दिवशी त्याला वाटायला लागतं की नेम आपल्यासाठी आहे, आपण नेमासाठी नाही.

फळा ओल्या फडक्याने पुसायचं काम लाहूचं. लाहू तलासरीकडचा, उधव्याचा. पंचवीस वर्षं राऊतांच्या वाडीत चिकू काढत होता. वाडीतल्याच खोपीत तो आणि त्याची बायको हिरकणी राहायची, सणावाराला आणि भातलावणीला तेवढी उधव्याला जायची. लाहू शाळेत गेला नव्हता. पण रोज फळा पुसून झाला की तो तिथेच उभा राहायचा आणि चिमणराव लिहीत तसतसं एकेक अक्षर पुटपुटायचा. पहिल्या वर्षी त्याला 'डहाणू' ओळखू यायला लागलं, तिसऱ्या वर्षी तो पूर्ण ओळ वाचू लागला. "माझा एकच विद्यार्थी, पण पहिल्या नंबराचा," असं चिमणराव ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगायचे. लाहू मान खाली घालून हसायचा. त्याने आयुष्यात छापलेलं असं फार काही वाचलं नसेल. फळा तेवढा वाचला, आणि फळा कधी खोटं बोलला नाही.

आता लाहूच्या टाचेविषयी सांगायला हवं. चिकूच्या चिकाने काढणाऱ्याचे हातपाय चिकट होतात, त्यावर धूळ बसते आणि काळे डाग पडतात. रॉकेलने घासले की निघतात. वाडीतल्या प्रत्येक माणसाचे तळवे असेच. त्याचं कोणाला काही वाटत नाही. २०१५च्या सुमाराला एकदा लाहू पडवीच्या पायरीशी आला, पाय वर करून म्हणाला, "भाऊ, हा डाग निघत नाय."

चिमणराव पेपर वाचत होते. चष्म्याच्या वरून त्यांनी एक नजर टाकली. टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता.

"रॉकेल लाव."

"लावला."

"मग परत लाव. आणि दगडाने घास."

लाहूने घासलं असणार. त्याला सांगितलेलं तो करायचा. पुढे दोन-अडीच वर्षांनी तो रबरी चपला घालून झाडावर चढायला लागला, तेव्हा चिमणरावांनी त्याची थट्टा केली, "काय रे, साहेब झालास का?" लाहू हसला. टाच चिघळली आहे, मध्येच रक्त येतं, हे त्याने सांगितलं नाही. फेब्रुवारीत चार दिवसांची रजा मागितली तेव्हा "पायाचा जरा दाखवून येतो" एवढंच म्हणाला. चिमणरावांनी रजा दिली. कुठे दाखवतोस, कोणाला दाखवतोस, काय निघालं, हे विचारायला काही मुहूर्त लागत नव्हता. पण विचारलं नाही ते नाहीच.

२०१८ची होळी. चिमणरावांची मुलगी भाविका मुंबईहून घरी आली. ती तिथे एका प्रयोगशाळेत संशोधन सहायक होती. कसलं संशोधन ते चिमणरावांनी लोकांना पुष्कळदा सांगितलं होतं, दर वेळी वेगळं. या वेळी तिने स्वतःच जेवताना सांगितलं. गांजाच्या झाडात नशा न आणणारंही एक द्रव्य असतं. ते सरकारी परवानगीने मिळवून त्यांनी उंदरांना टोचलं होतं. उंदरांना आधी मेलानोमा, म्हणजे कातडीचा एक वाईट कॅन्सर, मुद्दाम दिलेला. रोज त्यांच्या गाठी मोजायच्या, वहीत उतरवायच्या. ते काम भाविकाचं.

"मग?" चिमणरावांचा घास हातातच राहिला.

"ज्यांना ते द्रव्य दिलं त्यांच्या गाठी जरा हळू वाढल्या."

"म्हणजे बरे झाले!"

"नाही हो पप्पा. मेले सगळेच, थोडे उशिरा." भाविकाने आमटी वाढून घेतली. "पण हळू वाढल्या हेही मोठं आहे. अजून खूप वर्षं लागतील. माणसांपर्यंत पोचेल की नाही तेही माहीत नाही. निबंध छापून आलाय, बारा नावांत माझं अकरावं."

बापाला अकरावं-बारावं काही ऐकू आलं नाही. छापून आलंय एवढंच ऐकू आलं. भाविकाने त्यांचा चेहरा ओळखला. निघताना दारात उभी राहून ती म्हणाली, "फळ्यावर लिहिणार असाल तर उंदरांवर झालंय हे लिहा. आणि माझं नाव नको, सर रागावतील."

"बरं बरं," चिमणराव म्हणाले.

त्यांनी कागदावर मजकूर जुळवला. पहिल्या मजकुरात ती ओळ होती, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे: 'हा प्रयोग उंदरांवर झाला असून माणसांसाठी औषध अजून तयार नाही.' पण टपोऱ्या अक्षरात ही एक ओळ म्हणजे दोन-अडीच ओळी. उरलेल्या जागेत भाविकाचं नाव मावेना. नाव लहान अक्षरात लिहिणं त्यांच्या जिवावर आलं. आई नसलेली पोर, एकट्याने वाढवलेली, एवढी शिकवलेली; गावाला कळायला नको? आणि उंदीर काय, उंदरांचं काय एवढं? शेवटी माणसांसाठीच तर चाललंय सगळं. त्यांनी पेन्सिलने ती ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं ते असं:

गांजाच्या झाडातील द्रव्याने
त्वचेच्या कॅन्सरची वाढ रोखली.
मुंबईच्या प्रयोगशाळेत संशोधन
यशस्वी. संशोधकांच्या चमूत
आपल्या गावची कन्या
कु. भाविका चिमण राऊत
हिचा सहभाग. समस्त
ग्रामस्थांतर्फे हार्दिक
अभिनंदन!

समस्त ग्रामस्थांना त्या क्षणापर्यंत पत्ताही नव्हता. त्यांच्या वतीने अभिनंदन बापानेच करून टाकलं होतं.

लाहू बाजूला उभा राहून वाचत होता. नेहमी तो पुटपुटायचा, त्या दिवशी मोठ्याने वाचलं, एकेक शब्द सोडवत. वाचून झालं तरी हलला नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"भाऊ," तो म्हणाला, "हा खरा हाय का?"

चिमणरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गावातल्या कोणी खवचटाने विचारलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ज्याला आपण अक्षर शिकवलं त्याने, आणि तेही लेकीच्या बातमीवर?

"फळ्यावर खोटं लिहिलेलं बघितलंस का रे कधी?"

"नाय. म्हणूनच इचारला."

"मग झालं तर."

लाहूने फडकं पिळलं, बादलीच्या कडेवर वाळत घातलं आणि तो वाडीकडे गेला. चालताना एक पाय जरा उचलून टाकत होता. चिमणराव त्याच्याकडे बघत नव्हते. फळ्यासमोर गोळा होणाऱ्या माणसांकडे बघत होते. दिवसभर अभिनंदनं चालली. कोणीतरी फळ्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला.

चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरली. लाहू आणि हिरकणी यात्रेला गेली ती परत वाडीत आली नाहीत. चिमणराव आधी चिडले, मग वाट पाहू लागले, मग मे महिन्यात एक दिवस चिकूची करंडी घेऊन स्वतः उधव्याला गेले. एसटीने तलासरी, तिथून जीप, मग पाड्यापर्यंत पायी.

लाहू घराच्या ओट्यावर बसला होता. टाचेला कापड गुंडाळलेलं, आणि त्याला खोबरेल तेलाचा आणि आणखी कसला तरी उग्र वास. भाऊ आले म्हणून पाड्यातली दहा-बारा माणसं जमली. हिरकणीने खाट झटकून टाकली. लाहूने घरातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद आणवला आणि कौतुकाने चिमणरावांच्या हातात दिला.

मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा कागद होता. सगळं इंग्रजीत. चिमणरावांना त्यातला एक शब्द नीट कळला, कारण तो त्यांनी होळीला आमटीभातासोबत ऐकला होता. मेलानोमा. खाली तारीख होती, अकरा एप्रिल. ऑपरेशनची. ती उलटून महिना होऊन गेला होता.

"पाऊल काढाया सांगितला होता," लाहू म्हणाला. "आजून पसरला नाय, आता काढला तं वाचशील, असा बोलला डॉक्टर. मी लय घाबरलो भाऊ. पावलाबिगर झाडावर कसा चढणार? मग तुमी फळ्यावर लिवला. यात्रेत एक गोसावी भेटला, त्याच्याकडून गांजा घेतला, हिरकणीनं तेलात उकळला. रोज लावतो. ठणका कमी झालाय."

"भाविकाताईनी शोधला ना औषध," हिरकणी म्हणाली. तिने हात जोडले.

सगळं एका क्षणात चिमणरावांच्या लक्षात आलं: रॉकेल, रबरी चपला, 'हा खरा हाय का'. सांगायचं होतं ते एवढंच होतं. लाहू, ते उंदरांवर होतं, ती ओळ मी गाळली, चल, आत्ता ऊठ, जीप बघू. पुरं वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पाड्यातला तुक्या नावाचा म्हातारा पुढे सरकला आणि म्हणाला, "म्हंजी फळ्यावरचा खरा ना भाऊ? आमचा लाहू सांगतो, फळ्यावर खोटा येत नाय."

दहा-बारा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आणि लाहू बघत होता, आपला मास्तर परीक्षेला बसलाय आणि तो पास होणार हे माहीत असल्यासारखा.

"फळ्यावरचं खरंच आहे," चिमणराव म्हणाले. "तेल लावत राहा. पण एकदा हॉस्पिटलातही जाऊन ये. सवड मिळाली की."

सवड! माणसाच्या टाचेत मरण बसलंय आणि हे सवडीच्या गोष्टी करतायत. पण बोलले ते हेच बोलले. चहा घेतला, चिकू वाटले आणि तिसऱ्या प्रहरी परत निघाले. जीपमध्ये त्यांनी मनाला समजावलं की जा म्हणून सांगितलंय आपण, जाईल तो. घरी येऊन भाविकाला फोन करावा असं दहादा मनात आलं. ती काय विचारेल ते माहीत होतं, म्हणून केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन फळा लिहिला. तिसऱ्या दिवशीही लिहिला. पावसाळा सुरू झाला, रस्ते खराब झाले, उधवा लांब वाटायला लागलं. तोंडात मूग धरून माणूस किती दिवस राहू शकतो, याचा अंदाज माणसाला स्वतःला नसतो.

गणपतीला भाविका आली. वाडीत दुसराच माणूस बघून तिने विचारलं, "लाहूकाका कुठे?" चिमणरावांनी सांगितलं, इकडून तिकडून, तुकड्या-तुकड्याने. ती ऐकत राहिली. मग तिने फोन उघडला, गावाच्या ग्रुपवर मागे मागे जात फळ्याचा तो फोटो काढला आणि वाचला. इतके दिवस तिने तो उघडून पाहिलाच नव्हता. बापाचं कौतुक ठाऊक होतं, म्हणून लाजून.

"पप्पा, तुम्ही मे महिन्यात गेला होतात ना? तेव्हा तरी सांगितलंत?"

चिमणरावांनी समईची वात सारखी केली.

भाविकाने दुसऱ्या दिवशी गाडी ठरवली, उधव्याला गेली आणि लाहूला घेऊन थेट मुंबई गाठली. रात्रंदिवस चार दिवस त्याच्यासोबत राहिली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. जांघेत गाठी आहेत. फुप्फुसात गेलंय. आता पाऊल काढून उपयोग नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं चिमणरावांच्या तोंडातून निघालं. "बैल नाही, पप्पा," भाविका म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर ती घरी फोन करायची तो कामापुरता.

२०१९ उजाडलं. तलासरी-डहाणूकडे नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसत होते. फळ्यावर दर दोन-चार दिवसांनी तीच बातमी. उधव्याकडची माणसं घरात झोपायला घाबरत, अंगणात ताडपत्र्या बांधून राहत. जानेवारीच्या शेवटी भाविकाचा फोन आला, "जाऊन या. फार दिवस नाहीत." या वेळी चिमणराव करंडीबिरंडी न घेता निघाले. एसटीत त्यांनी वाक्य तयार केलं, जीपमध्ये ते पुन्हा म्हणून पाहिलं.

लाहूची खाट अंगणात, निळ्या ताडपत्रीखाली होती. दुपारची वेळ. लाहू अर्धा झाला होता; गोधडीत माणूस आहे हे तोंड दिसलं म्हणून कळत होतं. हिरकणी चुलीपाशी होती. तिने भाऊंना बघितलं, या म्हणाली आणि पुन्हा चुलीकडे वळली. आणखी कोणी नव्हतं. चिमणराव खाटेच्या कडेला बसले.

"लाहू, मला एक सांगायचंय. ते फळ्यावरचं…"

"उंदराचा होता," लाहू म्हणाला. आवाज बारीक, पण स्पष्ट. "माहीत हाय भाऊ. गणपतीत गेलो तवाच डॉक्टरनी सांगला. भाविकाताई पन होती, लय रडली. मी बोललो, नको रडू, तुझी काय चूक."

चिमणरावांचं तयार केलेलं वाक्य तिथेच संपलं. "मग मला कधी निरोप नाही धाडलास? एक शिवी तरी द्यायचीस."

"तुमाला कसली शिवी?" लाहूने श्वास घ्यायला वेळ घेतला. "तुमी मे महिन्यात आले होते ना, इथं बसले होते. मी मनात बोललो, भाऊना माहीत असता तं त्यानी सांगितला असता. येवढ्या लांब येऊन लपवला नसता. म्हंजी त्यानाबी कोनीतरी चुकीचा सांगला असंल. माणूस चुकतो."

इथे गप्प बसता आलं असतं. लाहूने त्यांच्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. चुकीचं कोणीतरी सांगितलं, आपल्यालाही ठाऊक नव्हतं. एवढं मानेने हो म्हटलं असतं तरी लाहू समाधानाने गेला असता, आणि चिमणराव पहिल्यासारखे भाऊ राहिले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या आयुष्यात नंतर अभिमान धरावा असं फार काही उरलं नाही. याचा धरायचा की नाही, हेही त्यांना कधी ठरवता आलं नाही.

"मला माहीत होतं, लाहू," ते म्हणाले. "लिहितानाच माहीत होतं. पोरीचं नाव बसत नव्हतं म्हणून मी ती ओळ काढली. आणि मे महिन्यात इथे बसलो होतो तेव्हाही माहीत होतं. लोकांसमोर सांगायची लाज वाटली."

चुलीपाशी हिरकणीचा हात थांबला. जमीन एकदा बारीकशी थरथरली, खाटेचे पाय करकरले. कोणी उठलं नाही. लाहू चिमणरावांकडे बघत राहिला. चिमणरावांना ती नजर सोसेना, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

"तवा पाऊल जानार होता," लाहू म्हणाला. "पाऊलच."

"हो."

"झाडावर चढता आला नसता. बसून राह्यलो असतो." त्याने डोळे मिटले. "पन राह्यलो असतो ना भाऊ."

चिमणरावांनी गोधडीवरून त्याच्या पायावर हात ठेवला. लाहूने पाय हळूच बाजूला घेतला. पंचवीस वर्षांत त्याने भाऊंपासून काही काढून घेतलं असेल तर ते हेच. हिरकणी उठून आली, नवऱ्याच्या अंगावरची गोधडी नीट केली आणि चिमणरावांकडे न बघता म्हणाली, "भाऊ, रस्त्यावर जीप भरत आली असंल. निघा तुमी."